बालवर्गातील मुलांना अंगणातल्या पक्ष्यांची ओळख बाहेर नेऊन कशी करून द्यावी?

प्रश्न : बालवर्गाची ताई, गंगापूर रोड, नाशिक (२७ जानेवारी)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमध्ये एका बालवर्गाला शिकवते. वर्गात ४ ते ६ वर्षांची २४ मुले आहेत आणि माझ्या मदतीला एक मावशी असतात. आमच्याकडे मोठे मैदान नाही, पण मागच्या बाजूला एक अंगण आहे. त्यात एक जुना कडुनिंब, जास्वंदीची चार झुडपे आणि कण्हेर आहे, कुंपणाला लागून शेजारच्या प्लॉटवर उंबर उभा आहे आणि पाण्याच्या टाकीखाली बाराही महिने थोडी ओल राहते. पक्षी तिथे भरपूर येतात, हे मी स्वतः रोज पाहते.

माझी अडचण अशी आहे की, मुलांना भिंतीवरच्या तक्त्यातील वीसएक पक्ष्यांची नावे तोंडपाठ आहेत. त्यांत मोर आहे, हंस आहे, शहामृग आणि पेंग्विनसुद्धा आहेत. मात्र गेल्या आठवड्यात खिडकीबाहेर जास्वंदीवर बुलबुल येऊन बसला, तेव्हा एकाही मुलाला तो ओळखता आला नाही. तक्त्यावर त्याचे चित्र असूनही दोघांनी त्याला "छोटा कावळा" म्हटले. त्या दिवसापासून मनाला फार रुखरुख लागून राहिली आहे.

मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी सगळ्या मुलांना एकदम अंगणात नेले. ती आनंदाने धावत सुटली आणि अर्ध्या मिनिटात अंगणात एकही पक्षी उरला नाही. दुसऱ्या वेळी पालकांच्या मदतीने बस करून नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. मोठ्या माणसांना तिथला पाणपसारा आणि हजारो पक्षी पाहून भरून आले, पण मुलांना दूरवर काळे-पांढरे ठिपके दिसले, दुर्बीण डोळ्याला नीट लावता आली नाही, आणि परत आल्यावर चित्र काढायला सांगितले तेव्हा बहुतेकांनी बसच काढली.

आता फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोन दिवस, सकाळी साडेआठच्या सुमारास अर्धा तास अंगणातच काहीतरी सातत्याने करावे असा विचार आहे. एवढ्या लहान मुलांना कोणत्या पक्ष्यांपासून सुरुवात करून द्यावी, नावे आधी सांगावीत की नंतर, आणि शांत बसवण्यासाठी दटावावे लागू नये म्हणून काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निफाडचे निवृत्त गुरुजी

ताई, आपला प्रश्न वाचून बरे वाटले. मी निफाड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिली-दुसरीला तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा आहेत, मणी गोड होऊ लागले की बुलबुल आणि साळुंक्या त्यांवर उतरतात आणि शेतकऱ्याला नाइलाजाने बागेवर जाळी टाकावी लागते. त्यामुळे आमच्या मुलांना पक्षी माहीत असत, पण हाकलण्यापुरतेच. शहरातल्या मुलांना ते तक्त्यापुरते माहीत असतात. दोन्हींकडे एकच गोष्ट राहून जाते : पक्षी काय करतो आहे, हे कोणी थांबून पाहत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पहिले दोन आठवडे नाव विचारूच नये. त्याऐवजी "हा चालतो की उड्या मारतो?" एवढाच प्रश्न मुलांना द्यावा. चिमणी दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. साळुंकी मात्र एकामागून एक पाऊल टाकत ऐटीत चालते. पारवा आणि होला चालताना दर पावलाला मान पुढे-मागे करतात. कावळा चालतोही आणि घाई असली की तिरप्या उड्याही मारतो. हे सगळे पाच वर्षांच्या मुलाला दुर्बिणीशिवाय दिसते आणि लगेच अंगाने करूनही दाखवता येते. माझा अनुभव असा आहे की, ज्या मुलाने साळुंकीची चाल स्वतः चालून दाखवली, ते मूल साळुंकी पुन्हा विसरत नाही. वर्गात परत आल्यावर "आज कोण दिसले?" असे न विचारता "आज कोण कसे चालत होते?" असे विचारावे. मुले उठून दाखवू लागतात आणि ज्यांना बोलायला संकोच वाटतो, तीही पुढे येतात.

त्यानंतर शेपटीकडे वळावे. दयाळ शेपटी उभी उचलतो, धोबी खाली-वर हलवत राहतो, नाचण ती पंख्यासारखी पसरून गिरक्या घेतो. आपल्या टाकीखाली ओल आहे असे आपण लिहिले आहे. हिवाळ्याच्या या दिवसांत तिथे धोबी येण्याची बरीच शक्यता आहे, त्यामुळे मार्चपर्यंतच्या दिवसांचा उपयोग करून घ्यावा.

नावे सांगण्याची वेळ येईल तेव्हा मात्र मराठी नावांचा सावकाश आस्वाद घेऊ द्यावा. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांना नावे देताना त्यांचे काम पाहिले आहे. पाने शिवतो म्हणून शिंपी, खोडावर ठोके देतो म्हणून सुतार, पाण्याकाठी शेपटी आपटल्यासारखी करतो म्हणून धोबी, घारी-कावळ्यांना आपल्या घरट्याच्या आसपास फिरकू देत नाही म्हणून कोतवाल, आणि नेहमी टोळीने कलकलाट करत फिरतात म्हणून सातभाई. अख्खे गावच झाडावर वसले आहे असे मुलांना वाटते आणि ती प्रत्येकाचे काम शोधू लागतात.

यात नाशिककरांचे एक विशेष भाग्य आहे. आपले शहर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे आणि जुन्या नाशकात ठोक्याचे काम करणारे कारागीर अजून भेटतात. मी एकदा पहिलीच्या मुलांना सहलीत भांडी बाजाराच्या बाजूला नेले होते. तिथे एक आजोबा तांब्याच्या हंड्यावर एकसारखे ठोके देत बसले होते. मुले बराच वेळ पाहत राहिली. पुढच्याच आठवड्यात शाळेजवळच्या वडावरून 'टुक टुक टुक' असा आवाज येऊ लागला, तेव्हा एक मुलगी आपण होऊन म्हणाली, "गुरुजी, झाडात भांडी ठोकतायत." तांबट हे त्या पक्ष्याचे नाव मी सांगण्याआधी तिला अर्थ कळला होता. ऊन वाढू लागले की तांबटाचा आवाज रोज ऐकू येऊ लागेल. आपल्या कुंपणाजवळ उंबर आहे आणि वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे तर तांबटाचे आवडते खाणे. तेव्हा आपण नशीबवान आहात.

नांदूर मध्यमेश्वरबद्दल मन खट्टू करून घेऊ नये. रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेले महाराष्ट्रातील ते पहिले पाणथळ क्षेत्र आहे आणि आमच्या तालुक्याला त्याचा अभिमान आहे, पण ते चौथी-पाचवीच्या मुलांसाठी ठेवावे. लहानग्यांना जवळचा पक्षी हवा, रोज तोच भेटणारा हवा.

उत्तर २ : सिडकोतील एक आई

ताई, मी शिक्षिका नाही, पण माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि आमच्याकडे अंगणाच्या जागी केवळ तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आहे, म्हणून लिहीत आहे. आपण पालकांनाही यात सामील करून घेतले तर मुलांचा अभ्यास घरीही चालू राहील.

आम्ही सुरुवातीला गॅलरीत धान्य टाकत होतो. महिन्याभरात पारव्यांनी सगळी जागा व्यापली, विष्ठेचा त्रास सुरू झाला आणि लहान पक्षी यायचे बंद झाले. मग धान्य पूर्ण बंद करून मातीची उथळ परळ पाण्याने भरून ठेवली आणि तिच्यात एक खडबडीत दगड ठेवला, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकायला जागा मिळते. पाणी बदलणे आणि परळ नारळाच्या शेंडीने घासणे हे मुलाचे रोज सकाळचे काम आहे. ते काम त्याचे स्वतःचे असल्यामुळे आलेला प्रत्येक पक्षी त्याला आपला पाहुणा वाटतो. बुलबुल पाणी पितो आणि मग अंघोळ करतो, चिमण्या मात्र शेजारच्या रिकाम्या कुंडीतल्या कोरड्या मातीत लोळतात, हे त्यानेच मला दाखवले. चिमणी मातीत का अंघोळ करते, असे त्याने विचारले आणि मला उत्तर शोधावे लागले : धुळीने पिसांतील जादा तेल आणि किडे निघण्यास मदत होते.

चिमणीसाठी लाकडी खोकेही लावले आहे. त्याचे भोक साधारण ३२ मिलिमीटरचे ठेवले, म्हणजे चिमणी आत जाते आणि साळुंकीला जाता येत नाही. खोके सावलीत, मांजराची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर आणि पंख्यापासून दूर हवे. २० मार्चला जो जागतिक चिमणी दिन पाळला जातो, त्याची सुरुवात २०१० साली नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने झाली, हे मुलांना आवर्जून सांगावे. आपल्या गावातून निघालेली गोष्ट जगभर गेली, हे ऐकून माझ्या मुलाने त्या दिवशी संपूर्ण मजल्यावर प्रत्येक घरी जाऊन पाण्याबद्दल सांगितले होते.

उत्तर ३ : पक्षीनिरीक्षक, इंदिरानगर

गुरुजींच्या लेखनातील बहुतेक सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. एका बाबतीत मात्र थोडा वेगळा अनुभव सांगतो. प्रश्न आपण ठरवला, तरी मुलाने दुसरेच काही पाहिले तर त्याला थांबवू नये. आपण साळुंकीची चाल पाहत असताना एखादी मुलगी मुंग्यांनी ओढत नेलेल्या पिसाकडे पाहत असेल, तर तो दिवस तिच्यासाठी पिसाचा आहे. पीस पाहू द्यावे, मोजू द्यावे, त्यावर पाण्याचा थेंब टाकून तो कसा घरंगळतो हे दाखवावे, आणि नंतर ते तिथेच ठेवून हात साबणाने धुवावेत.

आता शांततेविषयी. २४ मुले एकदम नेऊ नयेत. आठ-आठचे तीन गट करावेत, एक गट बाहेर असताना बाकीचे मावशींबरोबर वर्गात राहतील. बाहेर गेल्यावर प्रत्येक मुलाची जागा ठरलेली असावी : एखादी वीट, एखादे गोणपाट, झाडाखालचा एखादा दगड. दर वेळी त्याच जागी बसल्याने मुलाला तिथला कोपरा ओळखीचा होतो आणि पक्ष्यांनाही माणसांची सवय होते. "गप्प बसा" असे म्हणण्याऐवजी "डोळे मिटा आणि जितके आवाज ऐकू येतील तितकी बोटे उघडा" असे सांगावे. पहिल्या दिवशी एक मिनिट पुरते, महिन्याभरात चार-पाच मिनिटे सहज होतात. मोठ्या मुलांना कागदाच्या मध्यभागी स्वतःसाठी एक टिंब काढायला सांगावे आणि आवाज ज्या दिशेने आला तिकडे रेघ मारायला सांगावी. तांबटाचा आवाज आला की याची विशेष मजा येते, कारण तो ठोके देताना डोके इकडे-तिकडे हलवतो आणि मुले वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात. चोच मिटलेली असताना गळा फुगवून तो हा आवाज काढतो, हेही मुलांना आश्चर्याचे वाटते.

काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. घरटे दिसले तर मुलांना जवळ नेऊ नये, फांदी वाकवून आत डोकावू नये, छायाचित्र काढण्यासाठी पाने बाजूला करू नयेत. आपण गेल्यावर कावळा किंवा मांजर त्या वाटेने पोहोचते. जास्वंदीच्या किंवा त्याहून रुंद पानांत शिंप्याचे घरटे कधी सापडले, तर दहा-बारा पावलांवर एक रेघ आखावी आणि रोज त्या रेघेवरूनच पाहावे. कोळ्याच्या जाळ्याचे तंतू आणि कापूस वापरून पाने शिवणारा पक्षी मुलांना दुरूनसुद्धा पुरेसा विलक्षण वाटतो. हाताळायचेच असेल, तर पावसाळ्यानंतर वाऱ्याने आपोआप पडलेले सुगरणीचे रिकामे खोपे आणावेत. फांदीवर लटकणारे तोडून आणू नयेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो व्याकूळ होतो. आवाजावरून नाव सांगणारी ॲप शिक्षकाने स्वतःच्या अभ्यासासाठी जरूर वापरावीत, परंतु मुलांसमोर मोबाइल निघाला की त्यांचे डोळे झाडावरून पडद्यावर जातात.

एप्रिल-मेमध्ये मुले पिल्लू उचलून आणतील, हे गृहीत धरावे. अंगभर पिसे आलेले, पण नीट उडता न येणारे पिल्लू बहुधा हरवलेले नसते. त्याचे आईवडील जवळच असतात आणि त्याला भरवत असतात. मांजराचा धोका असेल तर त्याला जवळच्या झुडपात वर ठेवून सर्वांनी दूर व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, ही समजूत खरी नाही, त्यामुळे आपण परत ठेवायला घाबरू नये.

संक्रांत नुकतीच होऊन गेली आहे. पतंगाचे वेड आपल्या जिल्ह्यात, विशेषतः येवल्यात, किती आहे हे आपण जाणतोच. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो झाडांत अडकलेला सापडतो आणि पुढे कित्येक महिने पक्ष्यांचे पंख व पाय कापत राहतो. बाहेरचा पहिला उपक्रम हाच घ्यावा असे मी सुचवतो : मुलांनी फक्त बोट दाखवून मांजा कुठे आहे ते सांगायचे आणि मोठ्यांनी हातमोजे घालून, काठीला आकडी लावून तो काढायचा. धाग्याला मुलांनी हात लावू नये. किती तुकडे निघाले ते मोजून फळ्यावर लिहावे.

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते आणि भारतातील पक्षीनिरीक्षक २०१३ पासून तीत भाग घेत आले आहेत. किमान १५ मिनिटे एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे, एवढेच त्यात अपेक्षित असते. मुले बोटांवर मोजतील, नोंद आपण करावी. जी प्रजाती आपल्याला स्वतःला नक्की ओळखता आली नाही, ती नोंदवू नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : बालवर्गाची ताई (२१ फेब्रुवारी)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तीन आठवड्यांत काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मांजाचे १७ तुकडे कडुनिंबातून आणि कुंपणावरून निघाले. मुलांनी ते एका बरणीत भरून वर्गात ठेवायला लावले आणि आता घ्यायला येणाऱ्या प्रत्येक पालकाला ती बरणी दाखवली जाते. मुलांचे तीन गट केले आणि प्रत्येकाला घरून आणलेले गोणपाट दिले. पहिल्या आठवड्यात एक मिनिटही शांत बसणे जमले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या आठवड्यात बोटे उघडण्याचा उपक्रम जमू लागला. एका मुलाने सात बोटे उघडली आणि त्यांतील एक आवाज "पान पडल्याचा" आहे असे सांगितले. तो मुलगा वर्गात फारसा बोलत नाही, म्हणून ते वाक्य मी त्याच्या आईला त्याच दिवशी सांगितले.

सध्या सगळा वर्ग साळुंकीच्या चालीने पाणी प्यायला जातो. बुलबुलाला मुलांनी आता त्याच्या शेपटीखालच्या लाल रंगावरून ओळखायला सुरुवात केली आहे आणि लालबुड्या हे त्याचे खरे नाव असल्याचे सांगितल्यावर त्यांना झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. धोबी दोनदा आला. तांबट कालच पहिल्यांदा ऐकू आला. आठही मुलांची बोटे आठ दिशांना होती, अगदी लिहिले होते तसेच.

एक प्रश्न मुलांकडून आला आहे आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. मी दुचाकी अंगणाच्या फाटकाशी उभी करते. गेले चार दिवस एक लहान काळा पक्षी, ज्याच्या खांद्यावर पांढरा पट्टा आणि उभ्या शेपटीखाली तांबूस रंग आहे, तिच्या आरशावर येऊन सारखा चोच मारतो. मुले म्हणतात की, तो स्वतःला पाहून खूश होतो. हे खरे आहे का? मुलांना काय सांगावे?

उत्तर ४ : पक्षीनिरीक्षक, इंदिरानगर

ताई, वर्णन इतके नेमके आहे की, तो चिरक पक्ष्याचा नर आहे हे लगेच कळले. आरशात दिसणारा पक्षी तो स्वतः आहे हे त्याला समजत नाही. विणीचा हंगाम जवळ आला आहे, त्याने आपल्या अंगणात हद्द आखली आहे आणि आरशातला नर ती बळकावायला आला आहे असे समजून तो भांडतो आहे. समोरचा काही केल्या हटत नाही, म्हणून त्याचा दिवसाचा बराच वेळ यातच जातो आणि तो दमून जातो. दयाळ, बुलबुल आणि शिंजीर यांच्याबाबतीतही हे आढळते.

मुलांना उत्तर लगेच सांगण्याऐवजी त्यांच्याच हातून आरशांवर दोन कापडी पिशव्या घालून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी चिरक कुठे बसतो व काय करतो ते पाहावे. पिशव्या नाडीच्या असाव्यात, सुटा दोरा लोंबकळू देऊ नये. त्याची मादी काळी नसून तपकिरी असते, आणि तीही आसपास असणारच. मुलांना तिलाही शोधायला सांगावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : बालवर्गाची ताई

पिशव्या आज घातल्या. मादी कण्हेरीखाली दिसली, ती सर्वांत आधी मावशींना दिसली.